जवाबी कार्डाचा नियम

२ सप्टेंबर, मंगळवार

गौरी-गणपती आज गेले. त्यांच्या मागोमाग निलेश आणि सारिकाही चिंचवडला गेले. घरात आता मी, यांचा फोटो आणि उरलेल्या पुरणपोळ्या.

जाताना निलेशने विषय काढलाच. गाडीची डिकी लावता लावता. समोर बसून बोलायची त्याच्या वडिलांनाही सवय नव्हती. म्हणाला, आई, बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. या डोंगरात एकटी किती दिवस राहणार? चिंचवडला चल, इथे कुलूप लावू.

मी म्हटलं, कुलूप कसं लावणार, धंदा चालू आहे.

धंदा म्हणजे होमस्टे. मागच्या दोन खोल्या रंगवल्या, कमोड बसवला, आणि उन्हाळ्यात सुनेने, म्हणजे सारिकाने, वेबसाइटही करून घेतली. नाव मी ठेवलं: पोस्टमनचं घर. यांनी जन्मभर कुरवंड्याची आणि आसपासच्या वाड्यांची डाक वाटली, म्हणून.

निलेश म्हणाला, त्या साइटवरून आजवर मांजरसुद्धा आलेलं नाही. मी म्हटलं, मांजराला फॉर्म भरता येत नाही. मग तो हसला आणि तिथेच ओट्याखाली उभं राहून करार झाला. दिवाळीपर्यंत साइटच्या फॉर्मातून एक तरी पाहुणा येऊन एक रात्र राहिला, तर तो हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही आला, तर भाऊबीज झाली की मी चिंचवडला.

एक! मला तर हसूच आलं. दोन खोल्यांत माणसं मावायची कशी, ही खरी काळजी. गोठ्याचं काही करता येईल का ते बघायला हवं.

निश्चय: वेबसाइट यापुढे मी स्वतः सांभाळणार.

३ सप्टेंबर, बुधवार

लोणावळ्याला जाऊन आले. बाजारात अमृतचं झेरॉक्सचं दुकान आहे, मागच्या टेबलावर बसून तो वेबसाइटही करतो. आमची त्यानेच केली. त्याच्याकडून पासवर्ड घेतला. देताना म्हणाला, मावशी, फोटो बदला, दर बदला, पण ईमेलच्या सेटिंगला हात लावू नका.

मी म्हटलं, बाबा रे, मी पोस्टमनची बायको. पत्ता कुठे लिहायचा हे तू मला सांगतोस? मी वाचायला शिकले तीच पाकिटांवर. संध्याकाळी हे ओट्यावर डाक लावायचे आणि मी शेजारी बसून अक्षरं लावायची. 'मु. पो. कुरवंडे, ता. मावळ' हे मी वाचलेलं पहिलं साहित्य. आता जाडजूड कादंबऱ्या वाचते आणि शेवट पटला नाही तर समासात तसं लिहूनही ठेवते.

परतताना रिक्षातच सेटिंग उघडलं.

दुपार

सेटिंगला हात लावला. बरं झालं लावला.

प्रकार असा. पाहुणा साइटवर नाव, ईमेल आणि निरोप लिहून बटण दाबतो, आणि त्याची मेल होऊन ती माझ्या फोनवर येते. इथवर ठीक. पण ही मेल पाठवणारा म्हणून जो पत्ता येतो, तो कोणता? तर 'नोरिप्लाय'. म्हणजे उत्तर देऊ नका! दारावर सुस्वागतम लिहायचं आणि उंबऱ्यावर उभं राहून चालते व्हा म्हणायचं. म्हणूनच कोणी येत नव्हतं.

बदललं. जो फॉर्म भरेल त्याचाच पत्ता आता पाठवणारा म्हणून लागेल. तशी सोय आहे. दार वाजवणाऱ्याने आपलं नाव सांगावं, ही साधी रीत.

फोन नंबरची चौकटही काढून टाकली. ओळख ना पाळख, नंबर काय मागायचा? माझा नंबर साइटवर घालायला निलेशची मनाई आहेच, बाई एकटी राहते म्हणून. छान झालं. सगळा व्यवहार लेखी. यांना आवडलं असतं.

७ सप्टेंबर, रविवार

मेल नाही. काल अनंत चतुर्दशी होती. लोक नाचून दमले असतील.

१० सप्टेंबर

मेल नाही. पितृपक्ष. पितृपक्षात सहलीला निघत नाहीत म्हणजे लोक पापभीरू आहेत. मला असलेच पाहुणे हवेत.

शेजारची आक्काबाई कुंपणावरून विचारत होती, हिरे, तुजं पावनं कवा यायचं गं? खोल्या झाडून झाडून फरशी झिजली. मी सांगितलं, आता सगळं ऑनलाइन असतं, दिसत नाही. म्हणाली, व्हय, माजा जावईबी असाच काम करतो म्हनं, दिसत न्हाई.

तिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

बाजारात गेले होते म्हणून अमृतकडे डोकावले. तक्रार करायला नव्हे. सहज म्हटलं, फोन जरा बघ.

त्याने स्पॅम नावाचा कप्पा उघडला. आत माणसं! पुण्याचे, ठाण्याचे, नाशिकचे, सगळे बिचारे त्या कप्प्यात अडकून बसलेले, आणि मी इकडे पापभीरू लोकांच्या गोष्टी करत होते. बहुतेकांच्या तारखाही उलटून गेल्या होत्या.

अमृतने विचारलं, मावशी, सेटिंगला हात लावला का? मी म्हटलं, हात म्हणजे कसा, बोट लावलं.

मग त्याने समजावलं. पत्र निघतंय आपल्या साइटवरून आणि पाठवणारी म्हणून नाव सांगतंय नाशिकच्या बाईचं. मशीनला वाटतं, लबाडी आहे. मला लगेच पटलं. कुरवंड्याच्या पेटीत पडलेल्या पत्रावर नाशिकचा शिक्का निघाला, तर पोस्टमास्तर ते बाजूला काढणारच. मशीन कामाचं आहे. मशीनवर माझा राग नाही.

पाठवणारा साइटचाच पत्ता हवा, हे मान्य केलं. पण नोरिप्लाय मान्य नाही म्हणजे नाही. त्यावरून जरा झालं आमचं. शेवटी नवा पत्ता ठरला: 'सप्रेम'. सप्रेम अ‍ॅट पोस्टमनचं घर. अमृत म्हणाला, असला पत्ता कोणी ठेवत नाही, मावशी. मी म्हटलं, म्हणून तर ठेवायचा.

खाली अजून एक चौकट होती. मी 'उत्तर द्या' हे बटण दाबलं की उत्तर कोणत्या पत्त्यावर जावं. तिथे अमृतने पाहुण्याचा पत्ता लावला. मी काही बोलले नाही. दुकानात गिऱ्हाइकं होती, चारचौघांत त्याची चूक काढणं बरं दिसलं नसतं.

संध्याकाळ

चूक दुरुस्त केली. ज्याने जवाबी कार्ड पाहिलंय त्याच्याकडून ही झालीच नसती. जवाबी कार्ड म्हणजे जोडकार्ड. एका कार्डावर आपण मजकूर लिहायचा, आणि त्याला जोडलेल्या कोऱ्या कार्डावर उत्तरासाठी पत्ता घालून ठेवायचा, तो आपलाच. समोरच्याने नुसतं उत्तर लिहून पेटीत टाकायचं. सबंध टपाल खात्याचा नियम आहे हा. उत्तराच्या जागी दुसऱ्याचा पत्ता घालणारा इसम यांच्या अख्ख्या नोकरीत निघाला नसेल.

घातला माझा.

मुलगा हुशार आहे तसा. पण त्याने कार्ड पाहायचं कुठे?

१७ सप्टेंबर, बुधवार

आली! फॉर्मातून, सरळ, समोरच्या कप्प्यात!

नाशिकच्या माधवीताई. वृद्ध आईला नागफणी दाखवायची आहे. कडा चढायचा नाही, नुसता खालून डोळे भरून बघायचा. आईचे गुडघे दुखतात, तेव्हा खोली जमिनीलगत हवी, कमोड हवा. अकरा ऑक्टोबर, शनिवार, एक रात्र. जागा आहे का?

जागा आहे का विचारते!

लगेच उत्तर लिहायला बसले ते चहाची वेळ टळेपर्यंत. जागा आहे, कमोड आहे, पायरी एकच आहे आणि तिला मी कठडा लावून घेते. धुकं नसेल तर नागफणी अंथरुणातून दिसते. असेल तर धुकं दिसतं, तेही चांगलं असतं. गाडी सावकाश आणा आणि दुपारी चारला या, म्हणजे चहाला आणि उन्हाला दोघांना गाठाल.

पाठवलं. आणि काय नवल, पाठवल्याबरोबर पोच आली! वर 'मी' लिहिलेलं, त्याखाली 'मला' लिहिलेलं, आणि आत माझंच उत्तर काना-मात्रेसकट. रजिस्टर पत्राची पोच यायला आठवडा जायचा, यांना सही घ्यायला बांधावरून फिरावं लागायचं. इथे डोळ्याचं पातं लवायच्या आत. फोन छातीशी धरून एक गिरकी घेतली. कोणी पाहिलं नाही. आक्काबाईने पाहिलं.

निलेशला फोन केला. कंपनीत होता, मागे लोखंड आपटत होतं. म्हणाला, मस्त, आई. करार आठवणीत ठेव म्हटलं. म्हणाला, काय? म्हटलं, करार! म्हणाला, हो, घेतो जेवून.

१८ सप्टेंबर

यांची तिथी. अळूवडी यांना कधीच आवडली नाही, पण पानावर असते म्हणून केली. कावळ्याने सगळं खाल्लं, अळूवडी तेवढी ठेवली. मग बरं वाटलं.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

मेलवर मेल. ठाण्याचा एक ट्रेकिंगचा ग्रुप, पुण्याचं नवं जोडपं, आणि एका गृहस्थांनी स्विमिंग पूल आहे का विचारलं. लिहिलं, विहीर आहे. पोहता येत असेल तरच उतरा.

सगळ्यांना उत्तरं गेली. सगळ्यांच्या पोचा आल्या. एकही पत्र परत नाही, एकही गहाळ नाही.

निश्चय: उद्यापासून उत्तरं थोडक्यात. पुण्याच्या जोडप्याला लग्नाबद्दल इतकं लिहायची गरज नव्हती.

२६ सप्टेंबर

माधवीताईंचा पुन्हा फॉर्म. उत्तर मिळालं नाही म्हणतात.

मिळालं नाही? पोच माझ्याकडे आहे! चष्मा जाग्यावर नसेल. नाशिकबद्दल मी काही बोलत नाही. तेच उत्तर पुन्हा पाठवलं, ठळक अक्षरांत. पोच आली. ठळक अक्षरांत.

३० सप्टेंबर, मंगळवार

ठाण्याच्या ग्रुपनेही तेच रडगाणं लावलंय. उत्तर नाही, उत्तर नाही. जोडप्याचंही तेच. लोकांची वाचायची सवय गेली आहे, हे मी कधीपासून म्हणते. हातात पत्र असतं आणि पत्र आलं नाही म्हणतात.

ठाण्याच्या पुढाऱ्याने तर जरा चढ्या आवाजात लिहिलंय: तुम्ही जिवंत आहात का?

उत्तर दिलं: होय. आपण?

पोच आली.

२ ऑक्टोबर, दसरा

निलेशचा फोन. किती बुकिंगं झाली, विचारलं. म्हटलं, पत्रव्यवहार जोरात आहे. म्हणाला, पत्रव्यवहार नको, माणसं सांग. म्हटलं, अकरा तारखेला मायलेकी येत आहेत, पक्कं. तो म्हणाला, आई, तसं झालं तर मलाही बरंच वाटेल.

आवाजावरून वाटलं, खरंच म्हणाला. मी उगाच त्याला शत्रू समजत होते. शत्रू नाही, नुसता मुलगा आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार

माधवीताईंचा तिसरा फॉर्म. या वेळी जागेचा विषयच नाही. लिहिलंय, तुमच्याकडून काहीच येत नाही, तुम्ही बऱ्या आहात ना? साइटवरचा तुमचा फोटो आईला फार आवडला, ती रोज विचारते. त्या शनिवारी आम्ही लोणावळ्यात आहोतच. काळजी घ्या.

निरोप पुन्हा एकदा वाचला.

मग उत्तर लिहिलं. मी बरी आहे. बरी आहेस का, असं सगळेच विचारतात, पण उत्तराला कोणी थांबत नाही. तुम्ही तीनदा विचारलंत. मग यांच्याबद्दल थोडं लिहिलं. पावसात पत्रं भिजू नयेत म्हणून हे स्वतःचं इरलं पिशवीवर धरायचे आणि भिजून घरी यायचे, ते लिहिलं. हे गेले तेव्हा गावात नवा पोस्टमन आला, तो भला आहे, पण त्याच्या सायकलची घंटा वेगळी वाजते, तेही लिहिलं. शेवटी लिहिलं, शनिवारी चारला वाट बघते.

पोच आली. वाचून काढली. चांगलं उतरलं आहे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

तयारी:
पायरीला कठडा लागला. गादीला ऊन दिलं. इंद्रायणी तांदूळ निवडला. आक्काबाईकडून गावरान अंडी आणली, तिने दोन वेळा विचारलं, नक्की येत्यात न्हवं? कमोडवर बसून पाहिलं. ठीक आहे.

गोठ्याचा विचार तूर्त सोडला. आधी या दोन खोल्या गाजू देत.

११ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी

धुकं नाही! नागफणी अशी समोर उभी, जणू तिलाही निरोप गेलाय.

दुपारी बारा

आजच नेमका व्यत्यय. अकराच्या सुमाराला रिक्षातून दोघी बायका उतरल्या. एक म्हातारी, एक माझ्या निलेशपेक्षा थोडी मोठी. म्हातारी सरळ येऊन ओट्यावर बसली. पाणी दिलं, न देऊन कसं चालेल. ती सगळीकडे बघत होती. बेबी, कठडा बघ गं, म्हणाली. नवाच दिसतोय.

मला घाई. भात व्हायचा होता, अंगावर जुनं लुगडं. बेबीने विचारलं, मावशी, आज इथे राहायला मिळेल का? मी म्हटलं, आज पाहुणे ठरलेले आहेत, चारला येतील. आणि आमच्याकडे असं दारात येऊन नसतं, आधी साइटवरून लिहावं लागतं. ती म्हणाली, लिहिलं होतं. मी म्हटलं, ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्या सगळ्यांना उत्तर गेलेलं आहे. तुम्हाला आलं नसेल तर तुमचं आम्हाला पोचलं नसेल.

बेबी काही बोलणार होती, पण म्हातारीने तिच्या हाताला धरलं आणि म्हणाली, चल गं, त्यांना कामं आहेत. मी त्यांना नागफणी कुठून चांगली दिसते ते दाखवलं, बाजारातलं एक चांगलं लॉजही सांगितलं. मन मोठं ठेवलं. जाताना म्हातारी दोनदा वळून बघत होती.

चार

इरकल नेसले आहे. चहाचं आधण ठेवलं आहे.

साडेपाच

घाटात गाडी अडकली असणार. शनिवार आहे.

सात

आक्काबाई डोकावून गेली. काही बोलली नाही. ती बोलली नाही हेच वाईट.

१२ ऑक्टोबर, रविवार

माणसाने यायचं नसेल तर कळवावं. एवढं गोड लिहायचं आणि अंडी घरात पडून.

माधवीताईंना चार ओळींचं कडक पत्र लिहिलं. पोच आली. पोच वाचून माझं मलाच वाईट वाटलं, इतकं कडक झालंय.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

अमृतकडे गेले. म्हटलं, तुझ्या साइटवर येणारी माणसं खोटी आहेत. आणि पोचांची रांग दाखवली त्याला.

त्याने एक पोच उघडली. मग म्हणाला, मावशी, हे 'मी' म्हणजे कोण? म्हटलं, मी. आणि हे 'मला'? म्हटलं, मलाच. म्हणाला, मग यात पाहुणा कुठाय?

मी त्याला जवाबी कार्डाचा नियम सांगायला लागले. कार्ड पाठवणाऱ्याने आपला पत्ता घालायचा, असं म्हणाले. तो म्हणाला, बरोबर आहे तुमचं. पण हे कार्ड पाठवलं कोणी? पाहुण्याने. मग उत्तराचा पत्ता कोणाचा?

 दुकानातलं मशीन कोणाचा तरी सातबारा झेरॉक्स करत होतं.

अमृतने चहा सांगितला. साखर जास्त घालायला सांगितली, माझ्यासाठी.

म्हणजे नाशिकला, ठाण्याला, पुण्याला मी जे जे लिहिलं ते सगळं मलाच लिहिलं. अक्षर न अक्षर पोचलं होतं, हे अमृतलाही कबूल करावं लागलं. फक्त माणूस चुकला.

संध्याकाळ

उत्तराचा पत्ता पाहुण्याचा, हे अमृतने लावून दिलंय आणि माझ्याकडून पासवर्ड काढून घेतलाय. प्रत्येकाला नव्याने लिहून माफी मागितली. अजून वेळ गेलेली नाही. दिवाळीची सुट्टी तोंडावर आहे, आणि माणसं म्हणतात तितकी वाईट नसतात. एक पाहुणा. एकच तर हवाय!

या वेळी पोच आली नाही. फार एकटं वाटलं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

उत्तरं आली. खरी, दुसऱ्यांच्या हातची.

पुण्याचं जोडपं महाबळेश्वरला जाऊन आलं. ठाण्याच्या पुढाऱ्याने लिहिलं, जिवंत आहात याचं अभिनंदन, आम्ही राजमाचीला राहून आलो. पूलवाल्यांनी नुसता अंगठा पाठवला.

माधवीताईंचं शेवटी आलं.

लिहिलंय: ताई, रागवू नका, आम्ही येऊन गेलो. शनिवारी अकरा वाजता. उत्तर नव्हतं म्हणून आईला म्हटलं, निदान बाई बरी आहे का एवढं बघून येऊ. तुमच्या ओट्यावर पाणी प्यायलो. तुम्ही पाहुण्यांच्या गडबडीत होतात म्हणून नावं सांगून अडवलं नाही. लॉज चांगलं होतं. आई अजून म्हणते, पाहुण्यांसाठी एवढी धावपळ करणारी बाई आजकाल बघायला मिळत नाही. ते पाहुणे नशीबवान.

चूल पेटवायची राहिली आज.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

निलेशला फोन केला. म्हटलं, फॉर्मातून पाहुणा आला होता. म्हणाला, अरे वा, रात्र राहिला? म्हटलं, करारात 'आला' हा मुख्य मुद्दा होता. म्हणाला, आई, राहिला का?

मग सगळं सांगितलं. तो इतका हसला की सारिकाने येऊन फोन घेतला, काय झालं म्हणून. तिलाही सांगितलं. तीही हसली. मग मीही हसले, आमची तिघांची दिवाळी तिथेच सुरू झाली. हसता हसताच निलेश म्हणाला, पण करार, आई.

म्हटलं, करार म्हणजे करार.

या घरातली माणसं शब्दाला पक्की, असं हे नेहमी सांगायचे. नको तिथे खरं होतं.

माधवीताईंना लिहिलं, पुन्हा या. त्यांचं लगेच आलं: आईला एवढा प्रवास आता झेपेलसं वाटत नाही, पण मी तिला तुमचं पत्र वाचून दाखवलं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल भाऊबीज झाली. आज निघाले.

चिंचवडला जाणं तसं फायद्याचंच आहे. तिथे रेंज चांगली. धंद्याचं मुख्य कार्यालय शहरात असतं, बंगलेवाले सगळे तसंच करतात. थंडीभर तिथून कारभार बघायचा आणि उन्हाळ्यात येऊन खोल्या उघडायच्या.

किल्ली आक्काबाईकडे. तुळशीला पाणी घाल म्हटलं. म्हणाली, घालीन की, पन मी भांडू कुनासंगं? मग म्हणाली, तितं लिफ्टमदी चप्पल काढू नगंस, माजी बहीन काढायची.

गाडीत यांचा फोटो मांडीवर घेतला. निलेश म्हणाला, मागे ठेव ना सामानात. नाही ठेवला.

२७ ऑक्टोबर, सोमवार. चिंचवड

चौथा मजला. दार उघडलं की समोर दुसरं दार. त्यावर नाव आहे, माणूस अजून दिसलेला नाही.

साइट आता बिनचूक चालते. पाठवणारा सप्रेम, उत्तर पाहुण्याला. शाळांना सुट्ट्या, त्यामुळे सकाळपासून फोनवर मेल थांबत नाही. पुण्याहून, कल्याणहून, एक कुटुंब थेट कोल्हापूरहून, त्यांना तर दोन्ही खोल्या हव्यात, तीन रात्री. अमृतला म्हटलं, फॉर्म तूर्त काढून टाक. म्हणाला, सुट्टी संपली की बघू, मावशी, दुकानात गर्दी आहे.

तेव्हा एकेकाला लिहिते आहे: घर बंद आहे.

कुलूप दिसलं की हे पाकिटावर हाच शेरा लिहायचे. पण लगेच नाही. आधी शेजारी विचारायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बघायचे, मग लिहायचे. मी लगेच लिहिते. आणि प्रत्येक उत्तर पोचतं. लोक आभार मानतात, दिवाळीच्या शुभेच्छा देतात. कोल्हापूरकरांनी विचारलंय, ताई, पुन्हा कधी उघडणार? आम्ही थांबू.

उत्तर लिहायला घेतलं. 'सप्रेम नमस्कार' लिहून झालं होतं. तेवढ्यात सारिका आतून म्हणाली, आई, मोकळ्या असाल तर जरा भाजी निवडता का?

मेथी होती.